कस्टमरच्या ऑर्डरचे मेल स्पॅममध्ये जातायत, फिल्टर बंदच करून टाकू का?

भोसरी_व्हीएमसी:

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं जॉबवर्कचं छोटं शॉप आहे, चाकण आणि रांजणगावच्या कंपन्यांची कामं करतो. प्रॉब्लेम असा की कस्टमरचे मेल, म्हणजे आरएफक्यू (भाव मागणारा मेल), पीओ (खरेदीची ऑर्डर), ड्रॉइंगची झिप फाइल, हे अधूनमधून इनबॉक्समध्ये येतच नाहीत. परवा जुन्या कस्टमरच्या परचेसमधून फोन आला की कोटेशन का पाठवलं नाही, तुम्हाला काम नकोय का, आणि आम्हाला आरएफक्यू आल्याचा पत्ताच नाही. शोधला तर स्पॅममध्ये पडलेला, तोपर्यंत तारीख उलटून गेली आणि काम दुसऱ्या व्हेंडरला गेलं. वाईट वाटतं हो, क्वालिटीत कमी पडलो असतो तर समजू शकलो असतो, पण मेल न दिसल्यामुळे काम जावं हे पटत नाही.

सेटअप सांगतो. स्वतःचं डोमेन आहे, वेबसाइट आणि मेल एकाच होस्टिंगवर, त्याच्या सेटिंगसाठी सीपॅनेल मिळालंय. ऑफिसच्या पीसीवर जुनं आउटलुक आहे, त्यात पॉपने, म्हणजे सर्व्हरवरून पीसीवर उतरवून घ्यायच्या पद्धतीने, मेल येतात. मोबाइलवर बघता यावं म्हणून सगळे मेल माझ्या पर्सनल जीमेलवर फॉरवर्ड लावलेत. गंमत म्हणजे लोन देतो, एसइओ करून देतो असले मेल बरोब्बर इनबॉक्समध्ये येतात आणि पीओ तेवढा अडकतो. होस्टिंगवाल्याला विचारलं तर म्हणाला आमच्याकडून सगळं ओके आहे. स्पॅम फिल्टर पूर्ण बंद केला तर काय होईल? कोणी केलंय का?

चाकणचा_सप्लायर:

आम्ही केलाय दादा, बंदच ठेवतो. रोज सकाळी पोरगं बसून कचरा डिलीट करतं, पण एकही ऑर्डर चुकत नाही. जास्त डोकं लावू नका.

अकाउंट्सवाली_ताई:

कृपया असं करू नका. मी एका कंपनीत पेमेंट बघते आणि हा विषय मी फार जवळून बघितलाय म्हणून कळकळीने लिहितेय. फिल्टर बंद केला की नुसत्या जाहिराती येत नाहीत, खोटी इन्व्हॉइस, पासवर्ड एक्स्पायर झाला इथे क्लिक करा, कुरिअरची पावती म्हणून व्हायरस, हे सगळं सरळ समोर येतं आणि ऑफिसात घाईत असलेला एखादा माणूस क्लिक करतोच, त्याला दोष देऊन उपयोग नाही. आमच्या ओळखीच्या एका सप्लायरकडे असाच मेल आला होता, नेहमीच्या पार्टीचं नाव, नेहमीची सही, फक्त डोमेनमध्ये एक अक्षर वेगळं, आणि मजकूर एवढाच की आमचं बँक अकाउंट बदललंय, पुढचं पेमेंट या नवीन खात्यात करा. पैसे गेले. जॉबवर्कच्या धंद्यात मटेरियलचं एक पेमेंट असं गेलं की त्या महिन्याचे पगार अडकतात.

चाकणचे सप्लायर म्हणतात तसं पोरगं कचरा काढतं हे ठीक आहे, पण रोज ढीगभर कचरा काढणारा माणूस घाईत एखादा खरा पीओपण उडवतोच. मग फिल्टर बंद करून मिळवलं काय?

पेठेतला_आयटीवाला:

ताई म्हणतायत ते बरोबर आहे, बंद करू नका. मी सदाशिव पेठेत राहतो, पुण्यातल्या लहान ऑफिसांचं मेलचं काम बघतो, आणि भोसरीकर तुमच्यासारखा सेटअप मला पावलोपावली दिसतो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट, तुमच्याकडे एक फिल्टर नाहीये, तीन आहेत. होस्टिंगच्या सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन, पीसीवर आउटलुकचा जंक फिल्टर, आणि फॉरवर्ड केलेल्या मेलवर जीमेलचा. तुम्ही जीमेलमध्ये शोधून जीमेलमध्ये दुरुस्त करत बसलात तरी सर्व्हरवर अडकलेला मेल जीमेलपर्यंत येणारच नाही. म्हणून आधी हे ठरवा की नेमका कुठे अडकतोय.

सगळ्यात जास्त घोळ पॉपमुळे होतो. पॉप फक्त इनबॉक्स उतरवतं. सर्व्हरवर स्पॅम नावाचं वेगळं फोल्डर असेल तर ते तुमच्या आउटलुकमध्ये कधीच दिसणार नाही, त्यात वर्षभराचे पीओ पडून असले तरी. तर आत्ता ब्राउझरमधून वेबमेलला लॉगिन करा आणि तिथलं स्पॅम फोल्डर उघडा. मला वाटतं तिथे बरंच काही सापडेल.

मग सीपॅनेलमध्ये ई-मेलच्या सेक्शनमध्ये स्पॅम फिल्टर्स म्हणून आहे तिथे जा. दोन गोष्टी बघायच्या. एक, ऑटो डिलीट चालू आहे का. चालू असेल तर लगेच बंद करा, कारण त्यात संशयित मेल कुठल्याच फोल्डरमध्ये जात नाही, थेट उडतो, आणि पाठवणाऱ्यालाही वाटतं की पोचला. दुसरं, थ्रेशोल्ड स्कोर. स्पॅमअसॅसिन प्रत्येक मेलला मार्क देतो, लिंक संशयास्पद आहे एवढे, नुसतं चित्र आहे मजकूर नाही एवढे, सर्व्हरचा पत्ता ब्लॅकलिस्टमध्ये आहे एवढे, आणि बेरीज ठरावीक आकड्याच्या वर गेली की स्पॅम. तो आकडा मुळात 5 असतो. कोणीतरी वैतागून 2 किंवा 3 वर आणलेला असतो आणि मग चांगले मेल अडकायला लागतात. 5 वर ठेवा. त्याच पानावर व्हाइटलिस्ट, म्हणजे विश्वासाच्या पत्त्यांची यादी, आहे, तिथे कस्टमरची डोमेन टाका, आधी चांदणी (*) मग ॲट (@) मग डोमेन, म्हणजे त्या कंपनीतल्या कोणाचाही मेल आत येईल.

आउटलुकमध्ये होम टॅबवर जंक, त्यात जंक ई-मेल ऑप्शन्स, तिथे सेफ सेंडर्सची यादी आहे. तीच डोमेन तिथेही टाका. कॉन्टॅक्ट्समधल्या लोकांवर विश्वास ठेवा अशी एक टिकची जागा आहे ती लावा. आणि पहिल्या पानावर संशयित जंक फोल्डरमध्ये न टाकता कायमचा डिलीट करा असं एक ऑप्शन आहे, तिथे टिक असेल तर काढा, मी ही टिक लावलेली ऑफिसं बघितलीत.

जीमेलमध्ये मेल स्पॅममध्ये दिसला तर नॉट स्पॅम दाबा, नुसता वाचून सोडू नका. पाठवणाऱ्याला कॉन्टॅक्टमध्ये घ्या. आणि फिल्टर बनवा: सेटिंग्ज, सी ऑल सेटिंग्ज, फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस, क्रिएट न्यू फिल्टर, फ्रॉममध्ये कस्टमरचं डोमेन, पुढच्या पानावर नेव्हर सेंड इट टू स्पॅम. हे मोबाइल ॲपमध्ये होत नाही, कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्येच करावं लागतं, लोक मोबाइलवर शोधत बसतात. अजून एक, जीमेलचं साधं सर्च स्पॅममध्ये शोधत नाही. सर्चमध्ये इंग्रजीत इन, लगेच कोलन, लगेच स्पॅम, मध्ये जागा न सोडता टाइप करा आणि पुढे कस्टमरचं नाव द्या, मग सापडेल. 30 दिवसांनी जीमेल स्पॅममधलं आपोआप डिलीट करतं, त्यामुळे महिन्यातून एकदा बघतो म्हणणाऱ्यांचे काही मेल जातातच. प्रमोशन्सचा टॅब वेगळा, तो स्पॅम नव्हे, तिथला मेल ओढून प्रायमरीत टाकला की पुढच्या वेळी तसंच करू का विचारतं, हो म्हणा.

आता फॉरवर्डिंग. ते बंद करा. का सांगतो. कस्टमरच्या डोमेनने जाहीर केलेलं असतं की आमचे मेल फक्त या या सर्व्हरवरून निघतात, याला एसपीएफ म्हणतात. तुमचा होस्टिंग सर्व्हर जेव्हा तोच मेल पुढे ढकलतो तेव्हा जीमेलला तो तुमच्या सर्व्हरवरून आलेला दिसतो, यादीत नसलेल्या सर्व्हरवरून, आणि एसपीएफ फेल होऊ शकतो. सह्यांची दुसरी पद्धत आहे डीकेआयएम, ती मेलचा मजकूर वाटेत कोणी बदलला नाही तर फॉरवर्ड होऊनही टिकते, पण तुमच्या सगळ्या कस्टमरकडे ती नीट लावलेली असेलच असं नाही. शिवाय तुमच्याकडे येणारा कचराही तुमच्याच सर्व्हरवरून जीमेलकडे जातो आणि जीमेलच्या नजरेत तुमचा सर्व्हरच कचरा पाठवणारा ठरायला लागतो.

त्याऐवजी मोबाइलच्या जीमेल ॲपमध्येच ॲड अकाउंट करून ऑफिसचा मेल आयमॅपने, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून बघायच्या पद्धतीने, लावा. पीसीवरपण आयमॅप लावा, म्हणजे सगळी फोल्डर, स्पॅमसकट, दोन्हीकडे सारखी दिसतील. फक्त एक काळजी घ्या, पॉपने उतरवलेले जुने मेल पीसीवरच्या पीएसटी फाइलमध्ये असतात आणि सर्व्हरवर कदाचित नसतील, तर ती फाइल आधी बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा, मगच अकाउंटला हात लावा.

भोसरी_व्हीएमसी:

साहेब मनापासून धन्यवाद. वेबमेलमध्ये जाऊन बघितलं आणि अक्षरशः बसून राहिलो. स्पॅम फोल्डरमध्ये तीन कस्टमरचे मेल, दोघांच्या पीओ अमेंडमेंट, एका नवीन पार्टीची एन्क्वायरी. ऑटो डिलीट बंद होतं हे नशीब. स्कोर 3 वर होता, 5 केला, व्हाइटलिस्ट केली.

आता एक विचित्र दिसतंय. एकाच कंपनीतल्या परचेसच्या माणसाने स्वतः लिहिलेला मेल नीट येतो, पण त्यांच्या सिस्टिममधून ऑटोमॅटिक येणारा पीओ दर वेळी स्पॅम. नाव तेच, डोमेन तेच. वेबमेलमध्ये हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याची माहिती, उघडून बघितले तर ऑटोमॅटिकवाल्यात एसपीएफसमोर सॉफ्टफेल लिहिलंय, माणसाच्या मेलमध्ये पास. हे आमच्याकडून सुधारता येतं का?

हिंजवडी_मेलॲडमिन:

नाही, ते त्यांच्याकडचं आहे, आणि तुम्ही अगदी बरोबर पकडलंय. सॉफ्टफेल म्हणजे पाठवणारा सर्व्हर त्यांच्या एसपीएफच्या यादीत नाही. मी एका मोठ्या कंपनीत हेच काम करतो. होतं असं की माणसांचे मेल गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून जातात आणि ते एसपीएफच्या यादीत असतात. पीओ मात्र ईआरपीच्या, म्हणजे ऑर्डर-हिशोब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सर्व्हरवरून किंवा बाहेरच्या सर्व्हिसमधून थेट निघतो आणि तो सर्व्हर यादीत घालायला कोणीतरी विसरलेलं असतं. कधी कधी घातलेला असतो पण वेगळी दुसरी एसपीएफ नोंद करून, आणि एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते, दोन झाल्या की दोन्ही निकामी. किंवा इतक्या सर्व्हिस जोडलेल्या असतात की एसपीएफ तपासताना लागणारे डीएनएस लुकअप, म्हणजे डोमेनच्या नोंदी शोधायच्या फेऱ्या, 10 च्या वर जातात, तिथेही एरर येतो. आत बसलेल्यांना हे दिसत नाही कारण त्यांच्या आतल्या आत मेल बरोबर पोचतात.

त्यांना सांगा. नक्की सांगा. मेल स्पॅममध्ये जातोय एवढंच सांगितलं तर तुमचा फिल्टर बघा असं उत्तर येईल. त्याऐवजी तो पीओचा मेल अटॅचमेंट म्हणून, म्हणजे पूर्ण हेडरसकट, पाठवा आणि चार ओळी लिहा की तुमच्या ईआरपीतून निघणाऱ्या मेलला अमुक तारखेला एसपीएफ सॉफ्टफेल आला, पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी (नेटवरचा पत्ता) हेडरमध्ये आहे, हा आयपी तुमच्या एसपीएफमध्ये दिसत नाही, आणि डीकेआयएमची सही पण नाही, कृपया आयटीकडे द्यावं. जीमेलवर आलेला मेल असेल तर शो ओरिजिनल उघडा, वरतीच एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (तपासणीत फेल झालेल्या मेलचं काय करायचं हे सांगणारी डोमेनची नोंद) पास की फेल स्वच्छ लिहिलेलं असतं, त्याचा स्क्रीनशॉट लावा.

भोसरी_व्हीएमसी:

सांगतो, पण खरं सांगू का, आम्ही छोटे व्हेंडर. पेमेंटसाठी फोन केला तरी परचेसवाले उद्या बघू म्हणतात, आयटीपर्यंत आमचं कोण पोचवणार.

हिंजवडी_मेलॲडमिन:

पोचेल. कारण जे तुमच्याकडे होतंय ते त्यांच्या बऱ्याच व्हेंडरकडे होत असणार, आणि व्हेंडरला पीओ उशिरा मिळाला की त्यांची लाइन अडते, हे परचेसवाल्याला लगेच कळतं. शिवाय आता नियमही कडक झालेत. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने सांगितलंय की मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच, आणि जीमेलकडे दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांकडे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही हवेत, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर अनसबस्क्राइब हवं, आणि लोकांनी स्पॅम म्हणून मार्क करण्याचं प्रमाण 0.3 टक्क्याच्या खाली हवं. आयटीवाल्याला हे माहीत असतं, त्याला फक्त पुरावा हातात लागतो. आमच्याकडे एका ट्रान्सपोर्टरने असाच स्क्रीनशॉट पाठवला होता तेव्हा आम्हाला कळलं की डिस्पॅच ॲडव्हाइस कुठेच नीट पोचत नव्हते. मी त्याला फोन करून थँक्यू म्हटलं होतं.

आणि तुमच्या स्वतःच्या डोमेनचं काय? तुम्ही पाठवलेली कोटेशन त्यांच्या स्पॅममध्ये जात नसतील कशावरून?

पेठेतला_आयटीवाला:

हा मुद्दा मी लिहिणारच होतो. भोसरीकर, सीपॅनेलमध्ये ई-मेल डिलिव्हरेबिलिटी म्हणून आहे, तिथे तुमच्या डोमेनसमोर एसपीएफ आणि डीकेआयएम व्हॅलिड दिसतंय का बघा, नसेल तर बरेचदा तिथेच रिपेअरचं बटण असतं. डोमेनचं डीएनएस दुसरीकडे असेल तर एसपीएफ, डीकेआयएमच्या नोंदीची ओळ तिथे जाऊन स्वतः टाकावी लागते. डीमार्क सुरुवातीला नुसत्या निरीक्षणाच्या पॉलिसीवर, म्हणजे नन वर ठेवा, थोडे दिवस रिपोर्ट बघा, सगळं पास होतंय दिसलं की क्वारंटाइनवर, म्हणजे फेल झालेला मेल स्पॅममध्ये टाका यावर, न्या. उलट करू नका, पहिल्याच दिवशी रिजेक्ट लावलं तर स्वतःचेच मेल परत येतील. मग मेल टेस्टरसारख्या साइटवर एक मेल पाठवा, ती 10 पैकी मार्क देते आणि काय चुकलंय ते सांगते.

तुमच्या वेबसाइटवर एन्क्वायरी फॉर्म आहे का? असेल तर तोही तपासा. बरेच फॉर्म असे बनवलेले असतात की भरणाऱ्याचा पत्ताच फ्रॉममध्ये घालतात. म्हणजे याहूचा पत्ता असलेल्या माणसाने फॉर्म भरला की तुमचा सर्व्हर याहूच्या नावाने मेल पाठवतो, आणि याहूने 2014 पासून सांगून ठेवलंय की आमच्या नावाने दुसऱ्या कोणी पाठवलेलं नाकारा. एन्क्वायरी गेली. फ्रॉममध्ये तुमच्याच डोमेनचा पत्ता हवा आणि ग्राहकाचा पत्ता रिप्लाय टू मध्ये.

कोथरूड_सोसायटी_सचिव:

मध्येच विचारते, माफ करा. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस आम्ही मेलनेही पाठवतो, सगळे सभासद बीसीसीमध्ये, साध्या जीमेलवरून. निम्मे लोक म्हणतात आलीच नाही, आणि मग सभेत त्यावरच वाद. नोटीस 14 दिवस आधी पोचायला हवी म्हणून हा आमच्यासाठी गंभीर विषय आहे. काय करावं?

पेठेतला_आयटीवाला:

ताई, एकदम शंभर दोनशे लोक बीसीसीत, विषयात नुसतं नोटीस किंवा सगळी मोठी इंग्रजी अक्षरं, आत एक स्कॅन केलेली पीडीएफ आणि मजकूर शून्य, हे फिल्टरला संशयास्पदच दिसतं. विषयात सोसायटीचं नाव आणि तारीख लिहा, मेलमध्ये सभेची वेळ, ठिकाण आणि विषयपत्रिका टाइप करा, पीडीएफ सोबत असू दे. पाठवताना विंग्जप्रमाणे छोटे गट करा. जीमेलवरून दिवसाला 500 लोकांनाच पाठवता येतं हेही लक्षात ठेवा, मोठ्या सोसायट्यांना ते आड येतं. गूगल ग्रुप काढला तर अजून सोपं. सगळ्यात महत्त्वाचं, व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगा की नोटीस पाठवलीय, स्पॅममध्ये दिसली तर नॉट स्पॅम दाबा आणि सोसायटीचा पत्ता कॉन्टॅक्टमध्ये घ्या. बरेच जण कंटाळून सोसायटीच्या मेलला स्वतःच रिपोर्ट स्पॅम करतात, त्याचा परिणाम बाकीच्यांवरही होतो. आणि नोटीस बोर्डावर कागद लावणं, सही घेऊन देणं सोडू नका, मेल त्याच्या जोडीला आहे.

अकाउंट्सवाली_ताई:

व्हाइटलिस्टबद्दल एक राहिलंय आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. कस्टमरचं डोमेन टाका, पण जीमेल, याहू, रेडिफमेल अशी सगळ्यांची डोमेन कधीही पूर्ण व्हाइटलिस्ट करू नका, त्यात अख्खं जग येतं. तिथे फक्त त्या माणसाचा पूर्ण पत्ता टाका. डोमेन टाइप करू नका, जुन्या खऱ्या मेलमधून कॉपी करा, म्हणजे अक्षर चुकून भलत्याचं डोमेन आत येणार नाही.

पेठेतला_आयटीवाला:

बरोबर. आणि सीपॅनेलची ती व्हाइटलिस्ट नुसता फ्रॉमचा पत्ता बघते, तो खरा आहे का हे तपासत नाही. म्हणजे कोणी कस्टमरच्या डोमेनचा खोटा फ्रॉम लावला तर तोही आत येईल. म्हणून यादी लहान ठेवा, ज्यांचे मेल खरंच अडकतात तेवढेच. त्या कंपनीने ईआरपीचा एसपीएफ दुरुस्त केला की त्यांचं नाव काढून बघा, गरजच उरणार नाही.

अकाउंट्सवाली_ताई:

आणि बँक खातं बदललंय, ॲडव्हान्स दुसरीकडे पाठवा असा मेल व्हाइटलिस्टमधल्या पार्टीकडून आला तरी आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करूनच खात्री करा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन करा आणि बँकेला कळवा, जितका उशीर तितकी रक्कम थांबवणं अवघड.

चाकणचा_सप्लायर:

आमचापण फिल्टर चालू करतो मग. स्कोर 5 आणि ऑटो डिलीट बंद, बरोबर ना? आमच्याकडे पण पॉपच आहे.

पेठेतला_आयटीवाला:

हो, आणि वेगळं स्पॅम फोल्डर चालू ठेवा, स्पॅम बॉक्स नावाने आहे. पण पॉप असेपर्यंत ते आउटलुकमध्ये दिसणार नाही, तर आयमॅपवर जाईपर्यंत पोराला सांगा रोज वेबमेलमध्ये बघायला.

भोसरी_व्हीएमसी:

ई-मेल डिलिव्हरेबिलिटीमध्ये डीकेआयएमसमोर लाल खूण होती, रिपेअर दाबलं, आता व्हॅलिड दाखवतंय. परचेसवाल्यांना हेडरसकट मेल पाठवला, त्यांनी आयटीला सीसी करून उत्तर दिलंय. नवीन पार्टीची जी एन्क्वायरी स्पॅममध्ये सापडली होती त्यांना फोन केला, ड्रॉइंग अजून ओपन आहे म्हणाले, उद्या कोटेशन देतो. पीएसटीची कॉपी चालू आहे, फाइल मोठी आहे, रात्रभर लागेल बहुतेक. झाली की आयमॅप लावतो आणि काही अडलं तर इथेच विचारतो.